कॅमेरा हलला तरी चालेल: धंद्याच्या साध्या पोस्टमागचं शास्त्र

लाकडी फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका व्यवसायाच्या दोन पोस्ट डोळ्यांसमोर आणा. पहिलीत छान रंगसंगती, कोपऱ्यात लोगो, कुठून तरी घेतलेला हसऱ्या कुटुंबाचा फोटो आणि त्यावर ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ अशी ओळ. दुसरी म्हणजे फोनवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. खुर्चीचा पाय सांध्यातून निखळलेला आहे. कारागीर जुना, वाळलेला सरस पटाशीने खरवडतोय आणि खरवडता खरवडता सांगतोय, “हा आधी काढला नाही तर नवा सरस धरणारच नाही. पाय परत निघून येईल.” मध्येच मागून कुणी तरी हाक मारतं, तो “आलो” म्हणतो आणि पुढे बोलत राहतो.

ज्याच्या घरातली खुर्ची डुगडुगतेय, तो यातल्या कुणाला फोन करेल? बहुतेक जण दुसऱ्याला करतील. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांना खरेपणा आवडतो. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. या अर्धवटपणामुळेच अनेक व्यावसायिक भलत्या गोष्टीच्या मागे लागतात. ते मुद्दाम कॅमेरा हलवतात, मुद्दाम अडखळतात, अर्धवट प्रकाशात बोलतात आणि तरीही कुणी विचारत नाही म्हणून हिरमुसतात. साधी पोस्ट चालते ती ओबडधोबड असते म्हणून नव्हे, तर तिच्यात पुरावा असतो म्हणून. हे एकदा नीट समजलं की काय दाखवायचं, काय झाकायचं आणि कशावर मेहनत घ्यायची, हे ठरवणं बरंच सोपं जातं.

पुरावा म्हणजे काय, ते आधी पाहू. पहिली पोस्ट कुणीही बनवू शकतो, आयुष्यात कधी पटाशी हातात न धरलेलाही. दुसरी पोस्ट बनवायची तर समोर निखळलेली खुर्ची लागते, हातात कसब लागतं आणि सांधा का सुटतो याची माहिती लागते. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला पहिली पोस्ट सहज जमते, दुसरी महागात पडते. अर्थशास्त्रात या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती माहीत आहे आणि घेणाऱ्याला ती कळायला मार्ग नाही, अशा बाजारात चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही. घेणारा सगळ्यांकडेच संशयाने बघतो. पुढे १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी त्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग मांडला. चांगल्याला परवडेल पण वाइटाला परवडणार नाही, अशी एखादी खूण दाखवायची. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर या दोघांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या पेजवर येणारा अनोळखी माणूस अकरलॉफ यांच्या गिऱ्हाइकासारखाच असतो. तो तुम्हाला ओळखत नाही आणि फसण्याची भीती त्याच्या मनात असतेच. त्याला विशेषणं नकोत, खूण हवी असते.

आता प्रश्न असा, की मग इतकी वर्षं चकचकीत जाहिराती चालल्या कशा? तेव्हा चकाकी हीच खूण होती. छायाचित्रकार, स्टुडिओ, छपाई, वर्तमानपत्रातली किंवा टीव्हीवरची जागा, सगळ्याला पैसा लागायचा. एवढा पैसा ओतणारी कंपनी उद्या गाशा गुंडाळणार नाही, असं लोक मनाशी धरून चालायचे आणि त्यात तथ्यही होतं. जाहिरातीवर खर्च केलाय, ही गोष्टच गिऱ्हाइकाला काही तरी सांगते, असं फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये मांडलं होतं.

मग ही चकाकी स्वस्त होत गेली. फोनमध्ये चांगला कॅमेरा आला. २०१३ मध्ये कॅनव्हा हे ऑनलाइन डिझाइनचं साधन सुरू झालं आणि तयार टेम्प्लेटमुळे डिझायनरशिवाय कुणालाही देखणं ग्राफिक करता येऊ लागलं. २०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन अशी एआयची साधनं लोकांच्या हातात पडली आणि शब्द टाइप करून हवं ते चित्र मिळू लागलं. आज सुंदर फोटो पाहून तो काढायला कुणी खर्च केला असेल, असं कुणाला वाटत नाही. तो फोटो काढलेला तरी आहे का, अशीच शंका येते. चकाकीची किंमत उतरली, तशी तिची साक्षही उतरली. आता नक्कल करायला अवघड काय उरलं? तुमची जागा, तुमचे हात, तुमच्या कामातले बारकावे आणि तुमच्या नेहमीच्या ग्राहकाचा नेमका प्रश्न. (व्हिडिओसुद्धा हळूहळू बनावट होऊ लागलेत, हे खरं आहे. म्हणूनच एखाद्या सुट्या रीलपेक्षा महिनोन्महिने त्याच जागेतून, त्याच माणसांकडून येत राहिलेल्या पोस्टना जास्त वजन येतं. एक व्हिडिओ बनवून घेता येतो. वर्षभराची सलग नोंद बनवून घेणं फार अवघड.)

साधी पोस्ट चालण्याचं दुसरं कारण शेजाराचं आहे. फीडमध्ये तुमच्या पोस्टच्या वर कुणाच्या तरी बाळाचा फोटो असतो आणि खाली मैत्रिणीच्या सहलीचा. लोक तिथे ओळखीच्या माणसांना भेटायला आलेले असतात. १९९४ मध्ये मॅरियन फ्रिस्टॅड आणि पीटर राइट या संशोधकांनी मांडलं, की आपल्याला पटवण्याचे डावपेच माणूस अनुभवातून ओळखायला शिकतो आणि समोरचा काही तरी गळ्यात मारतोय असं वाटलं, की तो सावध होऊन ऐकतो. जाहिरातीचा साज दिसताच अंगठा पुढे सरकतो, तो याचमुळे. सवयीही बदलल्या आहेत. स्नॅपचॅटवर २०१३ मध्ये आणि इन्स्टाग्रामवर ऑगस्ट २०१६ मध्ये स्टोरी आली. २४ तासांत नाहीशी होणारी गोष्ट फार सजवावी असं कुणाला वाटत नाही, त्यामुळे साधं, घाईतलं चित्रण नजरेला सवयीचं झालं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की फीडमध्ये घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, व्यवसायांच्या पेजच्या पोस्ट कमी दिसतील. २०२० मध्ये टिकटॉकने जाहिरातदारांना उघडच सांगितलं: जाहिराती बनवू नका, टिकटॉक बनवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अल्गोरिदमला, म्हणजे कुणाला कुठली पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेला, ‘साध्या’ पोस्ट आवडतात, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. अल्गोरिदम माणसं काय करतात ते बघतो. किती वेळ पाहिलं, पुन्हा पाहिलं का, कुणाला पाठवलं, कमेंटमध्ये काही लिहिलं का, हे तो मोजतो. साधा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहत असतील तर तो पुढे जाईल. कंटाळवाणा असेल तर साधेपणा त्याला वाचवणार नाही.

काम होताना दिसतं तेव्हा

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे. रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात लोकांना प्रवासाची तिकिटं शोधणारी वेबसाइट वापरायला दिली. काहींना थांबताना फक्त पुढे सरकणारी पट्टी दिसत होती. काहींना वेबसाइट आत्ता कुठल्या विमान कंपनीची तिकिटं तपासतेय, आतापर्यंत काय सापडलंय, ते समोर दिसत होतं. दोघांना मिळालेली उत्तरं सारखीच होती. तरी काम होताना ज्यांना दिसलं, त्यांना ती सेवा जास्त मोलाची वाटली. इतकी, की लगेच उत्तर देणाऱ्या वेबसाइटपेक्षाही काम दाखवत थांबायला लावणारी वेबसाइट काहींना बरी वाटली.

लहान व्यवसायांना याचा केवढा उपयोग आहे, पाहा. तुमचं निम्मं काम ग्राहकाला कधी दिसतच नाही. शिवण घालण्याआधी कापड धुऊन आटवून घेतलं जातं, हे त्याला माहीत नसतं. हिशेब तपासणारा माणूस एका न जुळणाऱ्या आकड्यासाठी किती कागद उलटेपालटे करतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सायकल दुरुस्तीत चाक सरळ करणं म्हणजे एकेका स्पोकचा ताण जुळवणं, हे कुणी दाखवलेलंच नसतं. मग तो बिल बघतो आणि म्हणतो, “एवढ्याशा कामाचे एवढे?” त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण त्याने फक्त शेवट पाहिलेला असतो. तयार वस्तूचा देखणा फोटो पुन्हा तो शेवटच दाखवतो. मधल्या कामाचा साधा व्हिडिओ दराबद्दल एक शब्दही न बोलता दर समजावून सांगतो.

काम घडताना पाहण्यात आणखी एक ओढ असते. पुढे काय होणार, हे माहीत नसतं. एप्रिल २०१६ मध्ये बझफीड या अमेरिकी वेबसाइटच्या दोन कर्मचाऱ्यांनी फेसबुक लाइव्हवर एका कलिंगडाला एकामागून एक रबर बँड लावायला सुरुवात केली, ते फुटेपर्यंत. ना सेट, ना संगीत. सुमारे पाऊण तास हे चाललं आणि एका वेळी ८ लाखांहून जास्त लोक ते बघत होते. तुमच्या कामातही असे क्षण रोज येतात. जुना रंग खरवडल्यावर खाली काय निघेल? बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालेल का? ते क्षण कापून टाकू नका.

चूक दाखवावी का?

याचं उत्तर १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगात सापडतं. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेसाठी तयारी करणाऱ्या उमेदवाराचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एक उमेदवार हुशार होता, ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा. दुसरा साधारण, त्याची ३० टक्केच बरोबर. काही ध्वनिमुद्रणांत शेवटी उमेदवाराच्या हातून कॉफी स्वतःच्या नव्या सुटावर सांडते. कॉफी सांडल्यावर हुशार उमेदवार ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. साधारण उमेदवार मात्र आधीपेक्षा कमी आवडला.

या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग सगळे सांगतात: चूक करा, लोक जवळ येतील. दुसरा अर्धा भाग राहून जातो आणि व्यवसायासाठी तोच महत्त्वाचा आहे. चुकीने माणूस जवळचा वाटतो, पण त्याचं कसब आधी दिसलेलं असेल तरच. ज्याचं काम अजून कुणी पाहिलेलं नाही, त्याने फजितीच्या रील टाकल्या तर लोक हसतील आणि काम दुसऱ्याला देतील. शिवाय चूक कुठे झाली, यालाही महत्त्व आहे. प्रयोगात कॉफी सांडली, उत्तरं चुकली नव्हती. बोलताना जीभ घसरणं, मांजर टेबलावर चढणं, सकाळपासून शोधत असलेली टेप खिशातच सापडणं, हे चालतं. दंतवैद्याने मात्र चुकीचा दात तासल्याचा किस्सा गंमत म्हणून सांगू नये. खऱ्या कामात चूक झालीच असेल आणि ती लोकांपर्यंत पोचली असेल, तर तिची पोस्ट गमतीची नसते. काय झालं, कुणाचं नुकसान झालं, भरपाई कशी करतोय, हे तीन वाक्यांत सरळ सांगायचं असतं.

काय साधं ठेवायचं, काय नाही

‘साधं ठेवा’ याचा अर्थ अनेक जण सगळंच ढिलं सोडा असा घेतात. मांडणी साधी असू द्या, माहितीत ढिलाई नको. दर, वेळ, माप, तारीख, पत्ता, घटक, हमीची अट, हे सगळं छापील पत्रकाइतकंच काटेकोर हवं. ‘चुकून जुना दर सांगितला’ हा खरेपणा नव्हे.

आवाजाकडेही लक्ष द्या. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शास्त्रज्ञांची तीच भाषणं आणि मुलाखती लोकांना चांगल्या आणि खराब आवाजात ऐकवल्या. शब्द न् शब्द सारखा असूनही खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधन कमी महत्त्वाचं वाटलं आणि बोलणारा कमी हुशार. ऐकायला कष्ट पडले की मन त्याचा ठपका बोलणाऱ्यावर ठेवतं. म्हणून चित्र हललं तरी चालेल, पण फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा आणि बोललेलं खाली अक्षरांत द्या, कारण आवाज बंद ठेवून बघणारे बरेच असतात. खर्च करायचाच असेल तर कॅमेऱ्याआधी कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या.

आणि चित्राच्या मागे काय दिसतंय, ते पोस्ट करण्यापूर्वी दोनदा पाहा. साध्या व्हिडिओचा खरा धोका तिथे आहे. मागच्या पार्सलवर ग्राहकाचं नाव आणि पत्ता असतो. संगणकाच्या पडद्यावर कुणाचा तरी हिशेब उघडा असतो. प्रतीक्षेत बसलेल्या रुग्णाचा किंवा लहान मुलाचा चेहरा येतो. स्टुडिओतल्या फोटोत हे घडत नाही, घाईतल्या रीलमध्ये हमखास घडतं. ग्राहकाची वस्तू दाखवायची असेल तर त्याला आधी विचारा. चष्मा न लावता वेल्डिंग करणारा माणूस दिसला तर बघणाऱ्याला खरेपणा दिसत नाही, बेफिकिरी दिसते. तीही खरीच असते, म्हणून आधी ती सुधारा आणि मग कॅमेरा सुरू करा.

काही ठिकाणी नीटनेटकेपणाच हवा. ऑनलाइन विकायच्या वस्तूचे फोटो सपाट पार्श्वभूमीवर, खऱ्या रंगात आणि चारी बाजूंनी घेतलेले असावेत, कारण तिथे गिऱ्हाइकाला तुलना करायची असते. औषध कसं घ्यायचं, यंत्र कसं वापरायचं, पैसे परत मिळण्याच्या अटी काय, या गोष्टी चालता चालता सांगायच्या नसतात.

बनावट साधेपणा

पुरावा म्हणून जे चालतं, त्याची नक्कल होणारच. २००६ मध्ये एक जोडपं मोठ्या गाडीतून अमेरिकाभर फिरत, रात्री वॉलमार्ट या मोठ्या दुकानसाखळीच्या पार्किंगमध्ये मुक्काम करत आणि तिथल्या आनंदी कर्मचाऱ्यांबद्दल इंटरनेटवर लिहीत होतं. वाचणाऱ्याला वाटे, साधी माणसं मनापासून लिहितायत. मग उघड झालं, की प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या बाजूने काम करणारी एक संघटना करत होती आणि ती संघटना वॉलमार्टच्या जनसंपर्क कंपनीने, एडलमनने, उभी केली होती. एडलमनच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. ते लिखाण कदाचित खोटं नसेलही. पण पैसे कुणी दिले हे लपवल्यामुळे सगळंच संशयास्पद ठरलं. चकचकीत जाहिरात निदान मी जाहिरात आहे हे मान्य करते, म्हणून ती फसली तर लोक फक्त दुर्लक्ष करतात. घरगुती वाटणारी पोस्ट बनावट निघाली, की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. म्हणून पैसे किंवा फुकट वस्तू देऊन कुणाकडून व्हिडिओ करून घेतला असेल तर तसं स्पष्ट लिहा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) ऑगस्ट २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम केला, त्यात एआयने लिहिलेले बनावट अभिप्रायही येतात.

भावनांचंही असंच आहे. २०२२ मध्ये एका छोट्या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्यानंतर स्वतःचा रडका फोटो लिंक्डइनवर टाकला. त्याचे अश्रू खरे असतील. लोक चिडले ते दुसऱ्याच कारणाने. नोकरी दुसऱ्यांची गेली होती आणि फोटोच्या मध्यभागी मालक होता. असं काही टाकण्याआधी विचारा, की या प्रसंगात खरा त्रास कुणाला झाला आहे? उत्तर ‘मला’ नसेल, तर पोस्ट तुमच्याबद्दल असू नये. हाताखालच्या मुलांना ट्रेंडवर नाचायला लावणाऱ्यांबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. पगार देणाऱ्याने “मजा म्हणून करू या का?” असं विचारलं तर नाही म्हणणं सोपं नसतं. ज्याला कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, त्याचे हात दाखवा, नाही तर तेही नको.

सुरुवात कुठून करायची? विषय शोधत बसू नका, ते तुमच्या फोनवर आधीच येऊन पडलेत. ग्राहक वारंवार विचारतात ते प्रश्न एका वहीत लिहून काढा. किती दिवस लागतील, दोन प्रकारांत फरक काय, घरी करून बघितलं तर काय बिघडेल, दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेणं कधी परवडतं. शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर तर नक्की द्या, कारण “हे दुरुस्त करू नका, नवीन घ्या” असं म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्यावर लोक विश्वास ठेवतात. एका व्हिडिओत एकच प्रश्न. “नमस्कार मित्रांनो” आणि स्वतःची ओळख गाळा, पहिल्या वाक्यातच मुद्द्यावर या. कॅप्शन तुम्ही ग्राहकाला समोरासमोर सांगाल त्याच भाषेत लिहा. “आम्ही सर्वोत्तम सेवा प्रदान करतो” असं समोर कुणी बोलत नाही. कुणी तक्रारीची कमेंट केली तर ती पुसू नका, खाली उत्तर द्या. पुढे येणारा ग्राहक तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर लक्षपूर्वक वाचतो.

आणि यश लाइकवर मोजू नका. लांबच्या लोकांना गमतीचा वाटलेला व्हिडिओ भरपूर व्ह्यूज आणतो आणि एकही काम आणत नाही. उलट मोजक्याच लोकांनी पाहिलेली पोस्ट सेव्ह होते, घरातल्या माणसाला पाठवली जाते, त्यावर डीएममध्ये, म्हणजे खासगी संदेशात, नेमका प्रश्न येतो. नवीन ग्राहक आला की त्याला विचारा, “आमच्याबद्दल कुठे पाहिलंत? नक्की काय पाहिलंत?” त्याने सांगितलेलं त्याच वहीत, त्या प्रश्नापुढे टिपून ठेवा. तीन-चार महिन्यांनी वही उघडली, की कुठल्या पोस्टने माणसं आणली ते कळेल. पुढच्या पोस्टचे विषय त्यातूनच घ्या.